आत्याचा बिनकामाचा फेरफटका

चंदीगड स्टेशनबाहेर गुरुनाथ किंजवडेकरांनी आपल्या फियाटचं मागचं दार अदबीनं उघडून धरलं, तेव्हा सुनंदाआत्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग गुरुनाथकडे पाहिलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण आजारी आहे रे?"

घरात सगळे ठणठणीत होते. पण हे आत्याला पटवून गाडीत बसवायला दहा मिनिटं लागली, आणि बसल्यावरही ती सीटच्या अगदी कडेला, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. आपली नवीन (म्हणजे बदली होऊन गेलेल्या एका मेजरसाहेबांकडून महाराष्ट्राच्या नंबरासकट घेतलेली) मोटार पाहून आत्याचे डोळे दिपतील, ती कडाकडा बोटं मोडेल, असं गुरुनाथरावांनी मनाशी धरलं होतं. ते सगळं राहिलं. आत्या घर येईपर्यंत पुटपुटत रामरक्षा म्हणत होती.

रात्री जेवताना उलगडा झाला. आजच्या आधी आत्या जन्मात चार वेळा मोटारीत बसली होती. पहिल्यांदा वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा. दुसऱ्यांदा, आईवेगळ्या सहा वर्षांच्या गुरूला विषमज्वर झाला आणि तासगावच्या डॉक्टरांनी स्वतःची गाडी दिली तेव्हा. मिरजेपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा यजमानांना दवाखान्यात नेताना, आणि चौथ्यांदा यजमानांना परत आणताना. चौथ्या वेळेबद्दल ती जास्त बोलली नाही. "एरवी आपली एसटी," ती म्हणाली, "एसटीत बसलं की कसं, बरं वाटतं. माणसं लग्नाला निघालेली असतात."

ज्या बाईनं आपल्याला वाढवलं, तिला मोटार म्हटलं की औषधाचा वास येतो, हे गुरुनाथरावांना सहन होईना. त्यांनी तिथल्या तिथे, भाताच्या दुसऱ्या वाढीच्या आधी, निश्चय केला. आत्याला एकदा मोटारीतून फिरवायचं. कुठे पोचायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही. नुसतं फिरायचं. आत्याचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं, आणि सत्तरीच्या घरात पुन्हा एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नव्हता, हे ती स्वतःच म्हणाली होती. म्हणजे हातात रविवार होता, आणि तो एकच होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गुरुनाथराव सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत भांडार अधिकारी होते. तिथल्या मागणीपत्रावर शेवटचा रकाना 'प्रयोजन' असा असे, आणि त्या रकान्यावर गुरुनाथरावांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. मोठमोठे शास्त्रज्ञ काचेच्या नळ्या मागायला येत, आणि रकाना नीट भरलेला नसला तर गुरुनाथराव कागद परत पाठवत. 'प्रयोजन स्पष्ट नाही' हा त्यांचा शेरा संस्थेत इतका प्रसिद्ध होता की संशोधक मुलं तो कँटीनमध्ये चहाच्या ऑर्डरीला मारत. असा माणूस रविवारी दुपारी प्रयोजनाशिवाय बाहेर पडणार होता. तोही पंजाबातल्या अतिरेक्यांच्या त्या दिवसांत, जेव्हा शहरात प्रत्येक दुसऱ्या चौकात वाळूची पोती रचलेली होती आणि अंधार पडायच्या आत लोक घरात शिरून कड्या लावत होते.

निश्चयाची बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे सूदसाहेब शनिवारी सकाळीच खाली आले. सूदसाहेबांचा जन्म दुसऱ्याला सल्ला देण्यासाठीच झाला होता आणि पगार मात्र त्यांना पाटबंधारे खातं देत होतं.

"किंजवडेकरजी, घूमने जाना है, पक्का?"

"पक्का."

"तो एक बात याद रखो. नाके पे पूछेंगे, कहां जा रहे हो. 'घूमने' मत बोलना. इस टाइम कौन घूमता है? शक हो जाएगा. सीधा बोलो, पीजीआय. मरीज है साथ में. कोई नहीं रोकेगा. मैं तो अपनी साली की शादी में भी पीजीआय बोल के गया था."

दुपारी हवाई दलातल्या राजाभाऊंचा फोन आला. महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसवायचा असो की कुणाच्या मुंजीचा मांडव, राजाभाऊ त्याची लष्करी मोहीम करत. "गुरुनाथ, लक्षात ठेव, नाक्यावर चाचरायचं नाही. गाडी थांबली की त्यानं तोंड उघडायच्या आत तू आपलं नाव सांगायचं. खणखणीत. आडनावासकट. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही असतं तो नाव सांगत नाही. आणि हो, आमची नीला म्हणत होती, आत्या आल्याच आहेत तर तो सोऱ्या..."

"सोऱ्या नाही," गुरुनाथराव ठामपणे म्हणाले. आत्यानं नीलावहिनींसाठी तासगावहून चकल्यांचा पितळी सोऱ्या आणला होता, आणि शुभदा, म्हणजे गुरुनाथरावांची पत्नी, दोन दिवस मागे लागली होती की एवीतेवी बाहेर पडतोय तर जाताजाता तो देऊन येऊ. गुरुनाथरावांनी साफ नकार दिला होता. सोऱ्या पोचवायचा म्हटलं की ते काम झालं, आणि काम झालं की आत्याचा हाही प्रवास वाया गेला. शुभदानं "बरं" म्हटलं. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला या "बरं"चा अर्थ कळायला हवा होता.

रविवारी चार वाजता मंडळी निघाली. आत्या ठेवणीतलं जांभळं नऊवारी नेसली होती. हातात पाण्याचा तांब्या, कमरेला बटवा, आणि बटव्यात, विचारल्यावर कळलं, थर्मामीटर. "असू दे," आत्या म्हणाली. "गाडीनं जायचंय ना."

दारातून पाऊल टाकायच्या आधी आत्यानं सगळ्यांना बजावलं, "निघताना कुणी कुठं म्हणून विचारायचं नाही हां." हा आत्याचा जुना नेम. माणूस बाहेर निघाला की त्याला 'कुठे?' असं विचारू नये; विचारलं की कामाचा विचका होतो. विचारायचंच असेल तर 'बाहेर निघालात वाटतं?' असं आडून विचारावं. आणि एखाद्या अडाण्यानं विचारलंच, तर तसंच घरी परतावं, दोन मिनिटं टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि नव्यानं निघावं. गुरुनाथरावांचं सगळं बालपण या नेमात गेलं होतं. मॅट्रिकच्या पहिल्या पेपराला ते तीन वेळा निघाले होते आणि अर्धा तास उशिरा पोचले होते.

आता चंदीगडसारख्या शहरात, त्या वर्षात, पोलिसांना नेमकं काय विचारण्यासाठी चौकाचौकात उभं केलं होतं, हे गुरुनाथरावांच्या निघताना लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

सेक्टरच्या टोकाच्या चौकात पहिला नाका लागला. एक तरुण शिपाई खिडकीशी वाकला. त्याच्या एका हातात जाडजूड रजिस्टर होतं.

"कित्थे चल्ले ओ जी?"

गुरुनाथरावांना राजाभाऊंचा सल्ला आठवला. त्यांनी छाती पुढे काढली. "किंजवडेकर!"

"हां जी. पिंजौर," शिपाई म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

गुरुनाथराव दुरुस्ती करणार होते. पिंजौर पार हरियाणात, कालक्याच्या वाटेवर, आणि आपलं आडनाव इथे. पण तेवढ्यात मागून आत्या म्हणाली, "काय गं म्हणतोय तो?" आणि शुभदा, जी अठरा वर्षांत नवऱ्याशी एकदाही खरं बोलायला चुकली नव्हती, सहज म्हणाली, "काही नाही आत्या, कुठे चाललात विचारतोय."

आत्यानं डोळे मिटले. "फिरव गाडी."

"अगं, तो पोलीस आहे. त्याचं कामच आहे ते."

"पोलिसाला आई नाही का शिकवायला? फिरव."

गाडी फिरली. शिपाई, पिंजौरला निघालेली फियाट आल्या वाटेनं परत जाताना, बघत राहिला. गुरुनाथरावांनी त्याला हात केला. हा हात करणं ही चूक होती, पण त्या वेळी त्यांना ते सभ्यपणाचं वाटलं.

घरी पाणी पिऊन झालं. जिन्यात सूदसाहेब भेटले. "इतनी जल्दी? कहां तक गए?" आत्यानं हे ऐकलं, आणि पुन्हा एकदा पाणी प्यावं लागलं.

दुसऱ्या खेपेला गुरुनाथरावांनी वाट बदलली आणि शुभदाला दम दिला की तिनं भाषांतर करायचं नाही. मागच्या बाजूच्या चौकात दुसरा नाका होता. तिथे निमलष्करी दलाचा एक जवान होता, बिहारकडचा असावा. तो स्वच्छ हिंदीत म्हणाला, "कहां जाइएगा?"

"त्यानं नाव विचारलं, आत्या," शुभदा लगेच म्हणाली.

पण आत्या गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी टीव्हीसमोर हात जोडून पौराणिक मालिका बघत होती, आणि तिचं हिंदी आता कुठल्याही ऋषीच्या तोडीचं झालं होतं. "मला 'कहां' कळतं हो," ती म्हणाली. "'हे आर्यपुत्र, कहां जा रहे हैं' म्हणतात ना, तेच ते. फिरव."

जवानाच्या नाकासमोर, उत्तर न देता, फियाट गर्रकन वळली आणि आली तशी परत गेली. बंदूकधारी माणसासमोर असं करू नये, ही गोष्ट खरं तर लहान मुलालाही कळते. पण गुरुनाथराव एका बंदुकीपेक्षा आत्याला जास्त भीत होते, आणि त्याला त्यांची चाळीस वर्षांची कारणं होती.

पाच वाजत आले. गुरुनाथरावांच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या खेपेचं पाणी पिताना त्यांनी ठरवलं की आता मानापमान बाजूला ठेवायचा. या वेळी शिपायानं 'क' उच्चारायच्या आत आपण उत्तर द्यायचं. प्रश्नच आला नाही तर विचका होणार कसा?

पहिल्याच चौकात तोच तरुण शिपाई होता. गाडी थांबायच्या आत गुरुनाथरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली, "पीजीआय! पीजीआय! मरीज है!"

शिपायानं रजिस्टर उघडलं. "पर तुसीं तां पिंजौर जाना सी."

"वो नाम था."

"किसका नाम?"

"मेरा."

"आप का नाम पिंजौर है?"

"नहीं, किंजवडेकर!"

"वही तो मैं बोल रहा हूं." शिपाई आता थोडा मागे सरकला. "मरीज कौन है?"

गुरुनाथरावांनी मागे बोट दाखवलं. मागच्या सीटवर जांभळ्या नऊवारीतली, गालावर तुकतुकी असलेली सुनंदाआत्या बसली होती. तिला 'मरीज'ही कळत होतं. "मला काय धाड भरलीय?" तिनं विचारलं, आणि मग शिपायाच्या समजुतीसाठी हिंदीत उतरली. "हे वत्स, हम निरोगी हैं! ये खोटा बोलता है!" एवढं बोलून तिनं बटव्यातला थर्मामीटर काढून पुरावा म्हणून जिभेखाली धरला.

तेवढ्यात वायरलेसवर मागच्या नाक्याचा निरोप खरखरला. दुधी रंगाची फियाट, महाराष्ट्राची नंबरप्लेट, नाका बघून पळाली, आत तीन माणसं. शिपायानं नंबरप्लेट पाहिली, गुरुनाथरावांकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजातला 'जी' निघून गेला.

"उतरो. डिकी खोलो. डिकी में क्या है?"

"कुछ भी नहीं," गुरुनाथराव म्हणाले. इतका वेळ गप्प असलेला त्यांचा स्वाभिमान इथे जागा झाला. "मैं खुद भांडार अधिकारी हूं. मेरी डिकी में बिना एंट्री के कोई वस्तू नहीं होती. देख लीजिए."

त्यांनी ऐटीत डिकी उघडली. आत, स्टेपनीशेजारी, जुन्या टॉवेलमध्ये नीट गुंडाळलेलं आणि सुतळीनं बांधलेलं काहीतरी होतं. टॉवेलच्या एका टोकातून पितळेची जाड नळी बाहेर आली होती. नळीच्या डोक्यावर फिरवायचा दांडा होता.

गुरुनाथरावांनी शुभदाकडे पाहिलं. शुभदा सेक्टरच्या झाडांकडे बघत होती.

पुढचं सगळं फार भराभर घडलं. शिपायानं शिट्टी फुंकली. पोत्यांमागून चार जण धावत आले, बघून तितक्याच वेगानं परत गेले. तिघांनाही वीस पावलं मागे नेण्यात आलं. बस थांबल्या, सायकलवाले थांबले, गाजरांची एक हातगाडी थांबली. गुरुनाथराव सांगत होते, "साहब, वो सोऱ्या है. सोऱ्या!" पण सोऱ्याला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना येत नव्हतं. "उससे चकली निकलती है," असं ते म्हणाले. "गोल गोल. गरम तेल में डालते हैं, बहुत आवाज होती है." गोल, गरम आणि आवाज हे तीन शब्द ऐकल्यावर शिपायानं बॉम्बवाल्या पथकाला बोलावणं धाडलं.

पथक शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. यायला चाळीस मिनिटं लागणार होती. ऊन उतरायला लागलं होतं. शहर मिटायला तासाभराचा अवधी होता, आणि गुरुनाथरावांचा रविवार पोत्यांमागे उभ्याउभ्या संपत होता.

आत्याला मात्र हे सगळं कळेना. तिनं शुभदाला विचारलं, "त्या माझ्या सोऱ्याला सगळे असे काय बघतायत गं?" आणि कुणाला काही सुचायच्या आत ती तरातरा चालत गाडीकडे गेली. मागून "माताजी! माताजी, रुको!" असा गलका झाला. आत्यानं टॉवेल सोडला, सोऱ्या उचलला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून डोक्यावर धरून दांडा फिरवला.

त्या क्षणी नाक्यावरचे सगळे जण जमिनीवर पडले. राजाभाऊंना गुरुनाथरावांनी नंतर सांगितलं की आपण आत्याकडे धावत होतो आणि पाय घसरला. पण शुभदानं जे पाहिलं ते पाहिलं. केंद्र सरकारचा भांडार अधिकारी गाजरांच्या हातगाडीखाली पालथा पडून कानांवर हात दाबून होता.

काहीच झालं नाही. दांडा तेवढा कुरकुरला. शेवटी पोत्यांमागून एका म्हाताऱ्या हवालदाराची पगडी हळूच वर आली. त्यानं डोळे बारीक केले.

"ओए," तो म्हणाला, "एह तां सेवियां वाली मशीन ऐ! साडी बेबे कोल वी सी." त्याच्या आईकडेही शेवया पाडायचं असलंच यंत्र होतं म्हणे.

सगळे उठले, कपडे झटकले, आणि कुणी कुणाकडे बघेना. पथकाला वायरलेसवरून वाटेतूनच परत फिरवलं. हवालदारानं सोऱ्या हातात घेतला, चकती काढून पाहिली, परत बसवली आणि आत्याला विचारलं की यात डाळीचं पीठ घालता की तांदळाचं. आत्यानं भाजणीचं प्रमाण सांगायला सुरुवात केली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यांचं नीट चाललं होतं.

इतक्यात जीपमधून इन्स्पेक्टर उतरले. ढिल्लों नाव होतं. उंच, पिकल्या दाढीचे, आणि डोळ्यांवरून कितीतरी दिवस झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी आल्याआल्या रजिस्टर मागवलं आणि पोत्यांमागच्या खाटेवर बसून वाचलं.

"किंजवा... भाईसाहब, सवा चार बजे आप पिंजौर जा रहे थे. साढ़े चार बजे दूसरे नाके से भाग गए. पांच बजे पीजीआय. मरीज कोई है नहीं. मशीन किसी को देनी थी?"

"नहीं," गुरुनाथराव म्हणाले.

"तो जाना कहां था?"

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. शेवटचा रकाना रिकामा होता. वर लिहिलं होतं, 'मकसद'. गुरुनाथरावांनी तो शब्द वाचला. आयुष्यभर ज्या रकान्यासाठी त्यांनी शास्त्रज्ञांना जिने चढाउतरायला लावले, तो रकाना त्यांच्यासमोर उघडा पडला होता आणि त्यात लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मग त्यांचा धीर सुटला. शर्टावर गाजरांचा चिखल होता, चष्म्याची काडी वाकली होती, आणि लपवण्यासारखी अब्रू उरली नव्हती.

"कहीं नहीं जाना था!" ते ओरडले. "कहीं भी नहीं! ये मेरी आत्या है. मां नहीं थी, इसने मुझे बड़ा किया. जिंदगी में चार बार गाड़ी में बैठी, चारों बार कोई मर रहा था. एक बार तो मैं ही मर रहा था! मुझे इसको एक बार ऐसे ही घुमाना था. बिना काम के. बिना किसी के बीमार हुए. कल ये जा रही है. फिर नहीं आएगी. लिखिए आपको जो लिखना है!"

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. आत्या हवालदाराशी बोलायची थांबली. मग ढिल्लोंसाहेबांच्या दाढीत काहीतरी हललं.

"ओ जी," ते म्हणाले, "गेड़ी!"

"क्या?"

"गेड़ी मारनी सी! पहले क्यों नहीं बोला?" ते आता उभे राहिले होते. "यार, इस शहर में इसका नाम है. कॉलेज में हम शाम को स्कूटर निकालते थे, दस सेक्टर से ग्यारह, ग्यारह से दस. न कहीं जाना, न कुछ लेना. बस गोल गोल. इसको गेड़ी बोलते हैं." मग त्यांचा आवाज खाली आला. "तीन साल से इस शहर के नाकों पे हूं. लोग हस्पताल बोलते हैं, शमशान बोलते हैं, शादी बोलते हैं तो वो भी डर के. गेड़ी आज तक किसी ने नहीं बोला."

त्यांनी तरुण शिपायाकडून पेन घेतलं आणि मकसदच्या रकान्यात स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात, एकच शब्द लिहिला. गुरुनाथरावांनी तो वाकून पाहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका स्पष्ट भरलेला रकाना त्यांनी पाहिला नव्हता.

पुढे आणखी तीन नाके होते. म्हणून ढिल्लोंसाहेबांनी एका कागदावर चिठ्ठी लिहून दिली. 'दुधी फियाट, तीन सवारी, अंधेरा होने तक गेड़ी की इजाजत है. कोई सवाल न पूछा जाए.' खाली सही आणि ठाण्याचा शिक्का. चिठ्ठीवर जावक क्रमांक नव्हता. गुरुनाथरावांच्या ते लक्षात आलं, ओठांवरही आलं, पण शुभदानं त्यांचा हात दाबला. या संसारात शुभदानं त्यांना वाचवल्याच्या मोजक्या प्रसंगांत हा एक धरावा लागेल.

गाडी निघाली. पुढच्या नाक्यावर शिपायानं चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, आत डोकावून आत्याला पाहिलं आणि सॅल्यूट ठोकला. कुणीच काही विचारलं नाही. रस्ते रिकामे होते. मार्च महिना होता; दुभाजकावरची फुलं भरात होती, आणि समोर कसौलीच्या डोंगरांवर शेवटचं ऊन पडलं होतं. गुरुनाथराव तळ्याच्या बाजूनं गेले, एका चौकाला दोन प्रदक्षिणा घातल्या, सरळ गेले, उगाच डावीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वळण घेण्याआधी कुठल्या रस्त्याला लागणार याचा विचार करत नव्हते, आणि त्यांना आतून हलकंहलकं वाटत होतं.

त्यांनी आरशात पाहिलं. आत्यानं पुढची सीट सोडली होती. चपला काढून ठेवल्या होत्या. ती मागे रेलून, चक्क मांडी घालून बसली होती, काच पूर्ण खाली करून. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिनं तो सावरला नव्हता. थर्मामीटर शुभदाच्या हातात होता.

"बरं वाटतंय ना, आत्या?" शुभदानं विचारलं.

पुढचा चौक मागे पडल्यावर आत्या म्हणाली, "गुरू."

"काय गं?"

"जरा हळू चालव की. संपेल."

गुरुनाथरावांना समोरचा रस्ता दिसेनासा झाला. चष्मा वाकडा होता हे खरं, पण ते कारण नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. तेवढ्यात झाडाआडून एक धिप्पाड हवालदार काठी आपटत आला. त्यानं गाडीवर टकटक केलं. गुरुनाथरावांनी नुसती चिठ्ठी पुढे केली.

हवालदारानं ती बॅटरीच्या उजेडात नीट वाचली, त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि काठीनं पुढचा रिकामा रस्ता दाखवला.

"चलो जी, चलो," तो दरडावून म्हणाला. "गेड़ी विच रुकीदा नहीं!"